चेअरमनचा कान

नव्वदीच्या सुरुवातीला पलूसजवळच्या आमच्या गावात लोकांना बोलायला एकच फोन होता, चेअरमनच्या मेव्हण्याच्या एसटीडी बूथमधला. चेअरमन म्हणजे पाणीपुरवठा सोसायटीचा. अख्ख्या गावाच्या उसाचं पाणी त्याच्या मुठीत. माझा थोरला भाऊ फौजेत. रविवारी त्याचा फोन आला की वहिनी बोलायची आणि मेव्हणा स्टुलावर बसून कान टवकारायचा. एकदा ती भावाला म्हणाली, "औंदा सोसायटीला मत दुसऱ्याला देणार आमी." दुसऱ्या दिवशी आमच्या उसाचं पाणी बंद. नवऱ्याशी चार शब्द बोलायचीही चोरी! माझं डोकंच फिरलं.

गणपतीतले मंडळाचे देखावे मीच करायचो. त्या वर्षी बांबू आणि कागदाच्या लगद्याचा पुरुषभर उंच कान केला. शेजारी फोनवर बोलणारी बाई. ती बोलायला लागली की कान तिच्याकडे वळायचा आणि मागच्या नळाची धार थांबायची.

आता गंमत बघा. देखाव्याचं बटण दाबायचा मान दरवर्षी चेअरमनचा. दुसऱ्या कुणाला बोलवावं हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. नारळ देऊन आम्हीच त्याला आणलं, त्यानंच बटण दाबलं.

कान वळला, धार थांबली. गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "आरं, ह्यो तर सायबांचाच कान की रं!" चौक खदखदून हसला. चेअरमनही हसला, पण डूख धरून गेला.

सकाळी त्याची माणसं आली. मंडपाबाहेर चपला काढल्या, गणपतीला हात जोडले आणि मग गजांनी कान फोडला. मी आडवा गेलो तर मला लोळवून तुडवलं. माझा उजवा हात आरतीच्या टेबलावर दाबून धरला. "करशील पुन्ना कान?" गज उगारून एकानं विचारलं. मी त्याच्या तोंडावर थुंकलो. गज बसला. वाळका ऊस मोडावा तसं हाड वाजलं. त्या माणसांवरचा संताप आजही माझ्या मनगटात ठणकतो.

रविवारी वहिनी मला प्लास्टरसकट बूथवर घेऊन गेली. घंटी वाजली. तिनं रिसीव्हर उचलला, मेव्हण्याची मानगूट धरली आणि रिसीव्हर त्याच्याच कानावर दाबला.

"आवं दादा, चोरून लय ऐकलंसा. आज समोर ऐका. आन सांगा त्यास्नी, त्यांच्या भावाचा हात कुणी मोडला ते."

रिसीव्हरमधून भाऊ ओरडत होता, "हॅलो! अगं, बोल की!" मेव्हण्याला घाम फुटला. तो मान सोडवायला बघत होता, आणि वहिनी सोडत नव्हती.