चार बोटं वर गुंडाळलेली पट्टी

फर्निचरच्या कारखान्यात तिला सगळे पॉलिशताई म्हणत. कुणी टेबलावर स्टिकर चिकटवलं, खुर्चीवर रंग सांडला, की मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, "ताईकडे टाका." घरीही तेच. सगळ्यांचं निस्तरायला ती होतीच.

त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत धाकटा भाऊ काहीतरी साफ करून घ्यायला आला, याचं तिला नवल वाटलं नाही. कागदातून बेसबॉलची ती जुनी बॅट निघाली, तेव्हा मात्र तिचा घास हातातच राहिला.

"क्लबवाले काचेच्या कपाटात ठेवताहेत. मुठीवरची पट्टी कुजून पडली, पण गोंद बघ, नुसता चिकटा. चकाचक करून दे, ताई."

ही बॅट बाबांनी तिच्यासाठी लेथवर उतरवली होती. लांबीला जरा जास्तच झाली. "वरून धर, मग पेलेल," म्हणत त्यांनी पट्टी मुठीच्या टोकापासून चार बोटं सोडून गुंडाळली. खास तिच्यासाठी म्हणून त्यांनी केलेली ती एकच वस्तू. भावानं एका सामन्यापुरती मागून नेली, सामना मारला, आणि बॅट शकुनाची ठरली. ना पट्टी बदलली, ना बॅट परत आली. तिचं खेळणं तिथंच संपलं. पुढे तो चारचौघांत सांगू लागला, 'बाबांनी माझ्यासाठी केली.' विसरला असेल बिचारा, अशी तिनं इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

तिनं काळ्या गोंदावर तेल चोळलं, मुरू दिलं. मग प्लास्टिकच्या जुन्या कार्डानं, लाकडाच्या रेषेच्या कलानं, हलक्या हातानं खरवडू लागली. गोंद गोळ्या होऊन सुटत गेला. शेवटी खालची कड तेवढी उरली, जिथून बाबांनी गुंडाळायला सुरुवात केली होती. तिथं तिचा हात अडला.

"एवढं राहू दे का रे? खूण म्हणून?"

"छे छे! त्यासाठीच तर तुझ्याकडे आणली," तो हसला. "बाहेर दिली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, एवढ्या उंच माणसाची पट्टी इतक्या वर कशी? मग काय सांगत बसू?"

म्हणजे तो विसरला नव्हता. कधीच विसरला नव्हता.

तिनं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. "उरलेलं तू काढ."

"मला कुठं जमतंय, ताई!"

"जमेल. आतापर्यंत जमलंच की."

आता तरी ओशाळेल, असं तिला वाटलं. त्यानं कार्ड तेवढं बाजूला सारलं. मग बॅट मांडीवर आडवी घेऊन अंगठ्याच्या नखानं खरवडत बसला, जीभ दातांत धरून, लहानपणी चित्र रंगवायचा तसा. एक ठिपकाही त्यानं ठेवला नाही.

"झालं बघ!" बॅट उजेडाकडे धरत तो म्हणाला. बोटं एकमेकांना चिकटत होती. "हे हाताचं कशानं जातं गं?"

तिनं तेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि पॉलिशला आलेली खुर्ची पुढ्यात ओढली.