चिझुरूच्या सात पिशव्या

लग्न करून ओसाकाहून नेपाळातल्या पाटणला आली, तेव्हा चिझुरूने सोबत फारसं काही आणलं नव्हतं. दोन बॅगा, एक शिवणाची पेटी आणि कचरा वेगळा करायची सवय. बॅगा नि पेटी सासरी मुकाट्याने सामावल्या. सवयीने मात्र घर अडवलं.

स्वयंपाकघराच्या भिंतीला तिने सात पिशव्या टांगल्या. बाटल्या एकीत, बाटल्यांची झाकणं दुसरीत, कागद तिसरीत, असं. दुधाची रिकामी पिशवी ती तीन पाण्यांतून काढायची, उभी चिरायची आणि गच्चीवर चिमटा लावून वाळत घालायची. सासऱ्यांच्या सुरवारींच्या मधोमध त्या दिवसभर फडफडत.

"असमाया, तुझ्या सुनेनं पापड घातलेत की काय?" समोरच्या गच्चीवरून हिराशोभा ओरडायची.

"पापड कुठले! कचऱ्याला न्हाऊ घालते," सासू उत्तर द्यायची. "माझ्या डोक्याला कधी एवढं तेल चोळलं नाही, जेवढा त्या पिशव्यांना साबण चोळते."

चिझुरूला सासरची नेवारी भाषा आता बऱ्यापैकी समजत होती. ती हसायची आणि पिशवी आणखी एकदा झटकायची. तिच्या माहेरी चुकीच्या वारी चुकीचा कचरा बाहेर ठेवला, की शेजारीण त्यावर चिठ्ठी डकवून जात असे. तो धाक अजून गेला नव्हता.

आठवड्यातून दोनदा शिट्टी वाजवत कचऱ्याची गाडी यायची. तिला पिशव्या द्यायचं काम नवऱ्याकडे, रत्नकाजीकडे होतं. दहा महिने सगळं सुरळीत चाललं. एके सकाळी मूर्ती ओतायच्या होत्या म्हणून तो लवकर कारखान्यात गेला, आणि सातही पिशव्या घेऊन चिझुरू स्वतःच खाली उतरली. गाडीवरच्या लखिंदरने त्या घेतल्या आणि एकामागून एक एकाच ढिगावर उपड्या केल्या. खाली मुळ्याचा पाला होता, राख होती, कोंबडीची पिसं होती.

"अहो, अहो! त्या वेगळ्या आहेत!"

"इथपर्यंत वेगळ्याच होत्या, वहिनी," लखिंदर अदबीने म्हणाला. "पण पोटात गेल्यावर वरण आणि भात वेगळे राहतात होय? गाडीला पोट एकच."

"ह्यांना माहीत आहे हे?"

"दादांना? तेच तर म्हणाले, वहिनींना सांगू नकोस."

त्या दिवशी चिझुरू नवऱ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रत्नकाजीच गयावया करत म्हणाला, "अगं, तुझं मन राखलं मी."

"मन कशाला राखलंस? बाटल्या राखायच्या होत्या!"

गाडीला आता वेगळं केलेलं काही द्यायचंच नाही, असं तिने ठरवलं. तीन आठवड्यांत जिना भरला, मग देवघराचा दरवाजा अर्धाच उघडू लागला. फुलं घेऊन आत शिरताना असमाया बाटलीवरून घसरली आणि भिंत धरून कशीबशी सावरली.

"या घरात एक तर बाटल्या राहतील, नाहीतर मी!"

चिझुरूचे डोळे भरून आले. नेमकं त्याच दुपारी तिच्या आईचं पार्सल आलं. राग होता तरी उत्सुकता होतीच, असमायाने ते स्वतः उघडलं. बाहेर कागद, आत खोकं, खोक्यात तबक, आणि तबकात प्रत्येक बिस्कीट आपापल्या पाकिटात निजलेलं.

"एका बिस्किटाला चार-चार कपडे!" असमायाने एक पाकीट उजेडात धरलं. "तुमच्याकडे बिस्किटांना थंडी वाजते का गं?"

  आधी चिझुरूचे कान लाल झाले, मग ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"आई, जन्मभर खाल्ली मी ही. कधी लक्षातच नाही आलं."

सासूही शेजारी टेकली. दोघींनी तीन-तीन बिस्किटं संपवली. खाली गल्लीतून सायकलवाल्याची लांबलचक आरोळी आली.

"हा रोज ओरडतो, तो काय विकतो असं वाटतं तुला?" असमायाने विचारलं.

"भाजी ना?"

"कप्पाळ! बाटल्या, कागद, प्लास्टिक गोळा करतो तो. वर्ष होत आलं की गं तुला इथे!"

जिना तासाभरात रिकामा झाला. भंगारवाल्याने एक बाटली नाकाशी नेली, पुन्हा पुन्हा हुंगली आणि संशयाने विचारलं, "नव्याच आहेत का या? चोरीचा माल मी घेत नाही हं." झाकणं मात्र त्याने बाटल्यांच्याच पोत्यात कोंबली. चिझुरूने तोंड फिरवलं. जिन्याखालच्या जुन्या खताच्या खड्ड्यात राख आणि भाजीची सालं पुन्हा पडू लागली. असमायाच्या सासूच्या वेळचा तो खड्डा इतकी वर्षं छत्र्या ठेवायच्या कामी येत होता.

पुढे माघात सासऱ्यांचा सत्त्याहत्तरीचा जंकु, म्हणजे दीर्घायुष्याचा सोहळा, आला. स्वयंपाक्याने चकचकीत प्लास्टिकच्या ताटल्या सुचवल्या. असमायाने सालवृक्षाची पानं मागवली आणि सुनेला पत्रावळ शिवायला बसवलं. चिझुरूच्या काड्या सुबक होत्या, टाके विरळ. भोजाच्या पंगतीत एक पत्रावळ फुटली आणि आंबट रस्सा थेट हिराशोभाच्या नव्या साडीवर सांडला.

सगळे चिझुरूकडे पाहू लागले.

"ती माझी," असमाया पोह्यांची परात घेऊन पुढे येत म्हणाली. "नजर अधू झालीय आता."

चाळीस वर्षं असमायाची घट्ट शिवण पाहिलेल्या हिराशोभाने फुटलेल्या पत्रावळीच्या विरळ टाक्यांवरून बोट फिरवलं. तिने मांडीवर रुमाल पसरला आणि दुसरी पत्रावळ पुढे ओढली.