गाडा आमच्या दाराशी थांबला ती दुपार

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात एका दुपारी सगळी दारं एकदम बंद झाली. साठ-एकसष्ट साल असेल, चैत्रातलं ऊन. गावात चिटपाखरू नाही, कुठे चुलीचा धूर नाही, विहिरीवर बादलीचा आवाज नाही...

आता लगेच ‘भुताची गोष्ट’ म्हणून कॉमेंट टाकू नका हं. आधी पूर्ण वाचा, मग काय ते बोला.

गावात देवीची साथ आली होती. देवी म्हणजे अंगभर फोड येणारा तो रोग. आताच्या पोरांना तो माहीतच नाही, आणि बरंच आहे. त्या दिवशी गाव ‘बांधलं’ होतं. एका छोट्या लाकडी गाड्यात घरोघरचं लिंबू, नारळ, बांगड्या घेऊन तो गाडा शिवेबाहेर सोडायचा, म्हणजे आजार जातो असं मानायचे. तोवर कुणी गावात यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही, आणि गाड्याकडे तर बघायचंच नाही; तो दाराशी थांबला की मान खाली घालून आपली वस्तू बाहेर ठेवायची आणि दार लावून घ्यायचं.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर. माझी धाकटी बहीण सुमन, जेमतेम तीन वर्षांची, तापाने फणफणलेली, फोडांनी डोळेच मिटून गेलेले. बाबा तिच्या औषधाला मिशनच्या दवाखान्यात गेले आणि गाव बांधल्यामुळे शिवेपलीकडेच अडकले. घरात आई, सुमन आणि मी.

आणि आईने प्रार्थना सोडली होती... हे लिहिताना आजही जीव जड होतो. आदल्या पावसाळ्यात माझा भाऊ गेला. त्याच्यासाठी तिने गुडघे सोलेपर्यंत प्रार्थना केली होती. त्याला मातीत ठेवून आल्यापासून, बाबा जेवणाआधी प्रार्थना म्हणायचे तेव्हा ती डोळे उघडे ठेवून नुसती ताटाकडे बघत बसायची.

सकाळी शेजारच्या ताराकाकू येऊन गेल्या. बाई मनाने सोनं, भाऊ गेला तेव्हा आमच्याकडे भाकऱ्या त्यांच्याच घरून यायच्या. दाराबाहेरूनच म्हणाल्या, “मास्तरीणबाई, ज्या घरचं गाड्यात काही येत नाही, तिथंच देवी थांबते म्हनते. तुमच्या पोरीसाठी सांगून राह्यली वो मी. एका नारळानं तुमचा देव कायले रागावीन?” आणि आपल्याच घरचा एक नारळ उंबऱ्यावर ठेवून गेल्या.

 आईने तो नारळ उचलून आत आणला. मी धसकलेच.

भर बाराला आवाज आला. करकर... करकर... ना ढोल, ना कुणाचं बोलणं, फक्त लाकडी चाकं. एका दाराशी थांबायचा, पुन्हा करकर. मी फटीतून बघायला निघाले तर आईने मानगूट धरून मागे ओढलं.

मग तो आमच्या दाराशी थांबला. थांबला तो थांबलाच... गाडा ओढणारी माणसं बाहेर असणार की नाही? पण कुणी खोकलं नाही, कुणाचा पाय वाजला नाही. दाराखालच्या फटीत उन्हाची पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीत एकही सावली नव्हती.

आईच्या एका हातात नारळ, दुसरा हात कडीवर. “मले माही पोरगी पायजे,” एवढंच पुटपुटली. कडी अर्धी सरकली.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला... “आमेन.”

सुमनचा आवाज! कितीतरी दिवसांत जिने पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, ती. बाबांची प्रार्थना संपली की ‘आमेन’ म्हणायचं हे घरात तिचं काम होतं. मध्येच कधी म्हणायची नाही, शहाण्यासारखी शेवटापर्यंत थांबायची. आत्ताही अगदी तसंच म्हणाली, स्पष्ट, कुणाचं तरी बोलणं पूर्ण ऐकून झाल्यासारखं.

पण प्रार्थना म्हणत कोण होतं? आई नाही. माझी तर दातखीळ बसलेली. बाबा शिवेपलीकडे.

आईने कडी परत लावली. नारळ तिथेच ठेवून आत धावली, सुमनच्या तोंडाशी कान नेऊन म्हणाली, “कोन होतं वो बाई? कोनाची प्रार्थना आयकून राह्यली तू?” सुमन गाढ झोपली होती. आई बाजेपलीकडच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली... आणि मग हळूच तिने डोक्यावर पदर घेतला. चर्चमध्ये उपासनेला घ्यायची तसा. बाहेर गाडा करकरत पुढे गेला.

सुमन वाचली. एक डोळा गेला, चेहऱ्यावर व्रण राहिले, पण वाचली. आता लोहाऱ्याला असते आणि मला फोनवर यथेच्छ झापते. तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. ताराकाकूंचा नारळ आईने परत नेऊन दिला, तर त्या म्हणाल्या, “पोरगी हाय ना? मंग झालं!”

आता तुम्हाला वाटेल, आईची श्रद्धा त्या दिवसापासून पक्की झाली. छे हो! भावावरून ती शेवटपर्यंत देवाशी भांडली. पण भांडायची प्रार्थनेतच. खूप वर्षांनी मी विचारलं, तेव्हा म्हणाली, “कोन होतं ते मले काय माहीत? मी तं तोंड बंद करून बसलती. पन माह्या पोरीसाठी माह्या घरात कोनीतरी प्रार्थना करून राह्यलं होतं. म्या सोडली होती तरी.”

यंदाचं वर्ष आमच्याकडे फार वाईट गेलं. महिनोन् महिने माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघालेला नाही. पण या घरात मी एकटी आहे असं काही केल्या वाटत नाही... थोडी भीती वाटते, खोटं कशाला बोलू? आणि फार फार बरं वाटतं.