दादाने धरलेला उजेड

आमची धाकटी सतराची. हातात दादाचा जुना फोन, काचेला तडा, पण शूटिंग असं करायची की भलेभले तोंडात बोटं घालतील. पिक्चर होता इस्त्रीच्या दुकानातल्या पोरीचा आणि रोज तोच शर्ट इस्त्रीला आणणाऱ्या पोराचा. दुकान आमचंच. हिरो तिच्या वर्गातला, चश्म्या. पिक्चरमधल्या पोरीला तो आवडायचा. धाकटीला तो आवडतो का विचारलं, की तिचे कान लाल.

अर्धा पिक्चर झाला आणि कारखान्यात बॉयलर फुटून चश्म्याचे वडील गेले. कंपनीने त्यांच्या जागी पोराला घेतलं, पण दुसऱ्या शहरात. गाडी दुपारची. शेवटचा सीन त्याआधी उरकायचा होता. दारात वळून त्याने म्हणायचं, "मी येईन परत."

तालीम झाली. तेवढ्यात बाबांनी आतून पाणी मागितलं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत ते. धाकटी फोन टेबलाच्या कडेला, अर्धा बाहेर, टाकून आत पळाली. परत आली, बटण दाबलं. "हं, बोल!"

दादाने पांढरी चादर ताणून पोराच्या तोंडावर उजेड पाडला. असा उजेड स्टुडिओतही पडत नसेल. चश्म्या वळला, म्हणाला. धाकटीला फोनमधलं काही दिसलंच नाही, डोळे भरले होते.

तो गेल्यावर तिने फोन पाहिला. सीनच नव्हता! फोन टेबलावर टाकताना बटण दाबलं जाऊन शूटिंग तेव्हाच सुरू झालं होतं. परत येऊन बटण दाबलं तेव्हा ते थांबलं. आत होते नुसते चश्म्याचे बूट. वडिलांचे, पायाला ढगळ. आणि आवाज.

"दादा, मी नाही येणार परत. आईलाही नेतोय. खोली सोडली."

"मग तिला सांग की, गाढवा!"

"सीनमध्ये येईन म्हणतो ना. तेवढं तरी नीट करू द्या."

आतून धाकटी ओरडली, "आलेच हं!" बूट मागे सरकले.

तिने तीनदा पाहिलं.

"तुला माहीत होतं, दादा."

"होतं."

"आणि चादर धरून उभा राहिलास?"

कुणाचं ऐकून न घेणारा दादा चादरीची घडी घालत बसला. मग म्हणाला, "गाडीला अजून वीस मिनिटं आहेत. सायकल काढू?"

"नको. पुन्हा खोटं बोलावं लागेल त्याला."

शेवटी तिने ते बूटच जोडले. खाली नावं टाकली. 'उजेड' लिहून पुढे दादाचं नाव.

एरवी तिचं शूटिंग गावभर मिरवणाऱ्या दादाने तो पिक्चर अजून कुणाला दाखवलेला नाही.