वादिराजअण्णांचा मीटर

त्या दिवसाला आता चार महिने होतील. पण वीज जाऊन वरचा पंखा मंदावत थांबला, की माझ्या हातातलं काम अजूनही तसंच राहून जातं. ज्या माणसाकडून चूक होईल असं मला जन्मात वाटलं नव्हतं, त्याच्याकडून ती झाली. आणि तिची सुरुवात माझ्या बोटापासून झाली.

वादिराज बनशंकरीत आमच्या समोरच्या घरात राहतो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला एकेरीत बोलावते; बाकी सगळ्या गल्लीचा तो वादिराजअण्णा. दोन्ही घरं इथली पिढ्यान् पिढ्यांची. आमच्या मराठीत इतकं कन्नड मुरलंय, की पुण्याहून आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस आम्ही भांडतोय असंच वाटतं. के. आर. पुरमकडच्या एका कारखान्यात त्यानं पस्तीस वर्षं विजेच्या दुरुस्तीचं काम केलं. त्याची बायको सांगते, तिला बघायला आला तेव्हा त्यानं आधी भिंतीवरचा फ्यूज बघितला आणि मग तिला.

निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे एक वेगळंच काम चालत आलं. विजेची किंवा इलेक्ट्रॉनिक्सची हत्यारं कुणाला घ्यायची असली, की लोक त्याला दुकानात बरोबर नेतात. पक्कड हातात आली की तो आधी ती मिटून ट्यूबलाइटसमोर धरतो. जबड्यांच्या फटीतून उजेड दिसला तर परत. कटरनं वर्तमानपत्राचा कागद कापून बघतो. फाटला तर परत. मुठीवर हजार व्होल्टची खूण नुसती छापलेली असली तर तो ती नखानं खरवडतो, आणि खूण निघाली की दुकानदाराकडे काही न बोलता बघत राहतो. एकदा एक दुकानदार वैतागून म्हणाला, "अण्णा, स्वल्प अडजस्ट माडी! जरा चालवून घ्या!" वादिराज म्हणाला, "पक्कड अडजस्ट करत नाही रे. बोट जातं."

त्याचा स्वतःचा मीटर एकतीस वर्षांपूर्वीचा. काट्याचा, काळ्या डब्यातला. एक लाल वायर, एक काळी, आणि दोन्हींच्या टोकाला पितळी सळया. आकडे दाखवणारे नवे मीटर तो दुसऱ्यांना निवडून देतो, स्वतः मात्र हाच वापरतो.

प्रांजली त्याच्याकडे आली ती मागच्या वर्षी आषाढात. वय एकोणतीस, पुण्याची, कोरमंगलात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. तिच्या आजोबांचं घरातलं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं, आणि दुरुस्तीवाला आठ दिवसांनी आला. "तोपर्यंत…" एवढंच ती मला एकदा म्हणाली, पुढचं बोलली नाही. अशी मशीनं दुरुस्त करायला तिला कोरमंगलातच छोटी वर्कशॉप काढायची होती. सर्किटं तिला कळत होती. पण भिंतीतली वीज आणि हातातली पक्कड, या दोन गोष्टींसाठी तिला गुरू हवा होता.

खरेदीची यादी तिनं मोबाइलवर आणली होती.

"अण्णा, सोल्डरिंग स्टेशन हे फायनल करू? रिव्ह्यूज टॉप आहेत."

"याचं टोक झिजलं तर उद्या इथे मिळेल?"

"ऑनलाइन मिळेल. दहा दिवस लागतात."

"मग पेशंटला सांग, दहा दिवस श्वास घेऊ नका."

तिनं यादीतलं पहिलं नाव खोडलं. अशी सात-आठ नावं खोडली गेली. एकाच गोष्टीवरून त्यांचं दोन दिवस भांडण चाललं. गळती झाली की क्षणात खोलीची वीज पाडणारा एक स्विच असतो. हत्यारांच्या आधी तो बसवायचा असं वादिराजचं म्हणणं होतं.

"अण्णा, सीरियसली? भाड्याची जागा आहे. मालकानं बसवावा ना!"

"मालकाच्या बोटाला नाही गं बसणार शॉक. सरी, बरं. नको असेल तर मी येत नाही."

स्विच बसला.

तिला शिकवताना त्याचे दोन नियम होते. वीज बंद आहे की नाही बघायचं तर आधी मीटर चालू वीज असलेल्या जागी टोचून बघायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. मीटर जिवंत आहे हे कळल्याशिवाय त्यानं दाखवलेल्या शून्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि तारेला हात लावताना दुसरा हात खिशात. दोन्ही नियम प्रांजली त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची. मान तिरकी करून, अगदी हुबेहूब.

तिची आई, सुखदाताई, पुण्यात. नोकरी सोडायला त्यांचा साफ विरोध होता. शेवटी त्यांनी वादिराजला फोन केला. मी तिथेच बसले होते. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही. तुमच्या भरवशावर मुलीला तिथे ठेवतेय." इतक्या वर्षांत वादिराजनं कुणाला वस्तूची हमी दिलेली नव्हती. त्या दिवशी तो म्हणाला, "ठेवा."

आयुधपूजेला प्रांजलीनं आम्हां दोघांना वर्कशॉपवर बोलावलं. नव्या टेबलावर केळीची पानं, त्यांवर सगळी हत्यारं ओळीनं. वादिराजनं पिशवीतून आपला मीटर काढून ओळीच्या टोकाला ठेवला. "थोरला भाऊ," तो म्हणाला. मग गंधाची वाटी माझ्याकडे सरकवली. "अक्का, तुम्ही मोठ्या. तुम्ही लावा."

मी लावलं. चंदनात हळद-कुंकू कालवून चांगलं घट्ट केलं होतं. आमच्याकडे हत्याराला गंध लावायचं ते त्याच्या तोंडाला; पक्कडीच्या जबड्याला, पेचकसाच्या टोकाला. तसंच मी मीटरच्या दोन्ही सळयांच्या टोकांना लावलं, सढळ हातानं. वादिराज बघत होता. त्याच्या घरी तो गंध मीटरच्या डब्याला लावतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तो काही बोलला नाही. मी मोठी ना!

हत्यारं तशीच रात्रभर पूजेत राहिली. दुसऱ्या दिवशी दसरा, पहिल्या कामाचा मुहूर्त. टेबलामागचा सॉकेट वीतभर वर घ्यायचा, एवढंच काम. प्रांजली मुहूर्त म्हणून साडी नेसून आली होती, आईनं पाठवलेली, मोरपिशी. आदल्या भाडेकरूनं स्विचबोर्डावर पट्ट्या चिकटवल्या होत्या. 'टेबल' लिहिलेला स्विच तिनं पाडला आणि सॉकेट भिंतीतून उघडा केला.

"वादिराज, दीडला राहुकाळ लागतोय हं," मी म्हणाले.

त्यानं मीटर उचलला आणि दोन्ही सळया सरळ सॉकेटच्या स्क्रूंना टेकवल्या. काटा हलला नाही.

"नाही करंट," तो म्हणाला. "हात लाव, पुट्टी." लाडात आला की तो तिला पुट्टी म्हणतो, म्हणजे चिमुरडी.

तिनं हात लावला. साडीला खिसा नसतो. दुसरा हात तिनं टेबलाच्या लोखंडी पायावर टेकला.

मला किंकाळी ऐकू आली नाही. एक फट् असा आवाज आला, स्टूल कलंडलं, ती जमिनीवर होती, आणि डोक्यावरचा पंखा मंद होत होत थांबला. त्या शांततेत वादिराजच्या हातातून मीटर लोंबत होता. ते एक-दोन क्षणच असतील. त्यात मला ती मेली असंच वाटलं. मी सत्तर वर्षांची बाई, आणि मनात आलं काय तर, गंधाची वाटी सांडू नये. माणसाचं मन असं कसं असतं, मला अजून कळलेलं नाही.

मग ती पुटपुटली, "अण्णा… शून्य होता ना?"

दोन बोटं भाजली होती, कपाळाला खोक पडली होती. हॉस्पिटलात छातीचा आलेख काढला, एक दिवस ठेवून घेतलं. धोका नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि वादिराजनं तिथेच कॉरिडॉरमध्ये उभं राहून फोन लावला.

"सुखदाताई, वादिराज बोलतो. तुमच्या मुलीला शॉक बसला. ती बरी आहे. 'हात लाव' असं मी सांगितलं होतं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आत प्रांजली उठून बसली होती.

"अण्णा! आईला का सांगितलंत? आता ती येणार आणि मला बॅग भरायला लावणार! नुसतं 'पडली' म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"कशी पडली, ते विचारलं असतं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. दाढी केलेली नव्हती. हे मी त्याच्या बाबतीत पहिल्यांदा बघितलं. "आदल्या भाडेकरूची पट्टी चुकीची होती, ते सापडलं," तो म्हणाला. "सॉकेट दुसऱ्याच स्विचवर होता. पण मीटरनं का नाही सांगितलं, ते मला सापडत नाही, अक्का." त्यानं मीटर काढला, माझ्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि काळ्या वायरच्या सळईचं टोक नखानं खरवडलं. पिवळसर खपली कागदावर पडली. मग लाल वायरच्या टोकाची.

वाळलेलं गंध. त्या थराखाली पितळ तारेला टेकलंच नव्हतं.

मी त्यातली एक कपची बोटावर उचलून बघितली.

"वादिराज," मी म्हणाले, "ते मी लावलं."

"तुम्ही गंध लावलंत, अक्का. 'हात लाव' मी म्हणालो. आधी पलीकडच्या सॉकेटात टोचून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं. तिला महिनाभर शिकवलं, आणि…" तो उठला. मीटर तिथेच ठेवून गेला.

दुपारी सुखदाताई विमानानं आल्या आणि मुलीला हॉस्पिटलातून घेऊन सरळ वर्कशॉपवर गेल्या; कुलूप लावून तिला पुण्याला न्यायचं, एवढंच ठरवून. प्रांजलीचा मला फोन आला: "अक्का, प्लीज अण्णांना घेऊन या." मी त्याला जवळजवळ ओढूनच ऑटोत बसवलं. मीटर माझ्या पिशवीत होता; पट्टीचं आणि गंधाचं मी तिला फोनवरच सांगितलं होतं.

सुखदाताई टेबलाला पाठ करून उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"तुम्ही म्हणाला नसतात, तर तिनं हात लावला असता?"

"नाही."

"मग मी तिला आता कुणाच्या शब्दावर इथे ठेवू?"

वादिराजनं त्या उघड्या सॉकेटकडे बघितलं. मग म्हणाला, "कुणाच्याच नका ठेवू, ताई. माझ्याही नाही."

प्रांजली उठली. कपाळाला पट्टी, उजव्या हाताला बँडेज. तिनं माझ्या पिशवीतून मीटर काढला आणि दोन्ही सळया ओढणीनं चकचकीत होईपर्यंत पुसल्या. बोर्डावरचा, वादिराजनं शोधून काढलेला, खरा स्विच पाडला. दाराजवळचा सॉकेट चालू होता, तिथे सळया टोचल्या. काटा उसळून वर गेला. मग टेबलामागे; काटा पडून राहिला. पुन्हा दाराजवळ, पुन्हा उसळला. डाव्या हातानं सगळं करत होती, वेळ लागत होता, पण कुणी मदतीला गेलं नाही.

मग सवयीनं तिनं मान वळवली. "अण्णा, लावू?"

तो पुढे आला, एक हात पँटच्या खिशात घातला आणि दुसऱ्या हाताची पालथी बोटं स्वतःच त्या उघड्या स्क्रूला टेकवली. सुखदाताईंनी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. काहीच झालं नाही.

"अण्णा, बाजूला व्हा," प्रांजली म्हणाली. "मी तपासलंय. मीच लावणार." तिनं त्याचा हात बाजूला केला, बँडेजचा हात जीन्सच्या खिशात कसाबसा कोंबला आणि डाव्या हातानं तार धरली.

सुखदाताईंच्या हातात कुलूप होतं, ते त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं. मग बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काल जो स्विच आपोआप पडला, वीज बंद केली, तो कुठला?"

"हा." प्रांजलीनं दाखवला. "अण्णांनीच बसवायला लावला. मी दोन दिवस भांडले त्यावरून."

"तो नसता तर?"

प्रांजलीनं आपल्या बँडेजकडे बघितलं. सुखदाताईंना उत्तर कळलं. त्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं, स्टूल ओढलं आणि बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या पुण्याच्या घरी नाहीये असला. बसवून द्याल?"

वादिराजनं पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. दाढी न केलेल्या त्या चेहऱ्यावर मला हळूहळू पुन्हा तो दुकानातला माणूस दिसायला लागला.

"सरी," तो म्हणाला. "पण आधी सांगा, घरातल्या वायरी किती वर्षांच्या आहेत?"