कोळशाने लिहिलेली बातमी

दुसरबीडच्या त्या भाजीवाल्याचं नाव मी मुद्दामच विचारलं नाही. विचारलं असतं तर अहवालात लिहावं लागलं असतं. पंचायतीच्या रेडिओवर बातम्या संपल्या, की तो कानामागचा कोळसा काढून चावडीच्या पांढऱ्या भिंतीवर गावची बातमी लिहायचा. त्या दुष्काळात रेडिओ म्हणाला, गावोगावी पाणी पोचलं. याने लिहिलं, ‘आपली विहीर कोरडी आहे.’

मी सरकारी प्रसिद्धी खात्यातला कारकून. ते पुसायच्या हुकमावरून गेलो. त्याने हसत माझ्या हातात पोहरा दिला.

“पुसा ना साहेब. कोळसा पुसाले पाणी लागते, तेवढं विहिरीतून तुमीच काढा.”

पोहरा तळाला आपटला आणि कोरडाच वर आला.

अहवालात मी लिहिलं, ‘पाण्याअभावी मजकूर पुसता आला नाही.’