मांजरीच्या ओकाऱ्यांची नोंदवही

आमच्या मांजरीला नाव नाही. आई तिला 'अगं' म्हणायची आणि वडील आईला 'अगं' म्हणायचे, त्यामुळे कळंबोलीच्या घरात एक हाक मारली की दोघीही यायच्या किंवा दोघीही यायच्या नाहीत. गेल्या वर्षी आई गेली. दिवाळीच्या सुमारास मी वडिलांना सानपाड्याला माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा त्यांच्या सामानात दोन बॅगा, आईची घडीची खुर्ची आणि झाकणाच्या टोपलीत बसलेली ही अकरा वर्षांची मांजर होती. वडिलांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं की मांजर आईची आहे, त्यांचा तिच्याशी काही संबंध नाही. दुसरं कोणी नसल्यामुळे तात्पुरता कार्यभार त्यांच्याकडे आलेला आहे.

वडील सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्याला अठरा वर्षं झाली, पण कचेरी अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. दूधवाला एक दिवस आला नाही तर ते 'गैरहजर' म्हणतात.

आठवडाभरात मांजर ओकू लागली. आधी सोसायटीची पाण्याची मोटर सुरू होताना करते तसा आवाज, मग दोन पावलं मागे, मग कार्य सिद्धीस. घरभर मोकळी फरशी पसरलेली असताना तिला त्यासाठी कापड किंवा कागद लागतो. दिवाणाखालची सतरंजी झाली, माझी ओढणी झाली. मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. एकदा भूगोलाचं पान रात्री टेबलावरून खाली पडलं होतं, तर सकाळी कोकणच्या नकाशावर, साधारण रत्नागिरीच्या जागी, तिने आपलं मत नोंदवून ठेवलेलं होतं.

वडिलांनी स्टेशनजवळच्या दुकानातून एक लांबट नोंदवही आणली आणि पट्टी घेऊन रकाने आखले. अनुक्रमांक, तारीख, मांजरीस दिलेले अन्न व वेळ, ओकारीची वेळ, स्थळ, स्वरूप, शेरा. पहिली नोंद मला अजून पाठ आहे. 'सकाळी ७.४०. दिवाणाखाली, पूर्व बाजू. पातळ, फिकट तपकिरी. शेरा: त्यानंतर सदर मांजर शांतपणे अंग चाटत बसली.' मी हसले. ते म्हणाले, डॉक्टर विचारतील तेव्हा तू काय सांगणार आहेस, 'ओकते अधूनमधून'? माझं खरोखरच तेवढंच सांगायचं ठरलं होतं.

डॉक्टरांचा दवाखाना बाहेरून दागिन्यांच्या दुकानासारखा दिसतो. आत शिरताना सुगंध येतो, भिंतीवर चौकटीतली इतकी प्रमाणपत्रं आहेत की माणूस आपोआप आवाज खाली आणतो. काउंटरवरच्या मुलीने 'बेबीचं' नाव विचारलं. वडील म्हणाले, बेबी अकरा वर्षांची आहे आणि तिला नाव नाही. मुलीने नावाच्या जागी काहीतरी लिहायलाच हवं म्हणून 'कॅट' लिहिलं. थोड्या वेळाने आतून हाक आली, "कॅटचे पप्पा कोण आहेत?" अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील टोपली घेऊन उठले. हयातीत त्यांना साहेब, भाऊसाहेब, अण्णा अशा पुष्कळ हाका मारल्या गेल्या होत्या. या हाकेने त्यांची पाठ ताठ झाली, पण ते गेले.

डॉक्टर तरुण होते आणि भले होते. त्यांनी नोंदवहीचं पहिलं पान आदराने वाचलं, पुढची नुसती उलटली आणि खाणं बदलून बघू म्हणाले. खाणं बदललं. मांजर ओकत राहिली. इंजेक्शनं झाली, जंताचं औषध झालं. ते देताना वडिलांच्या मनगटावर तीन ओरखडे उठले, त्यांचीही नोंद शेऱ्यात झाली. मांजर ओकत राहिली आणि वाळत गेली. उचलली तर हातात फक्त केस आल्यासारखं वाटायचं.

याच काळात जासईला आत्याच्या नातीचं लग्न निघालं आणि वडील हळदीपासून तीन दिवस तिकडे राहिले. नोंदवही माझ्या ताब्यात देताना त्यांनी चार्ज देतात तशी दिली, पेनासकट. तीन दिवस मांजर ओकली नाही. मी तीन दिवस 'ओकली नाही' असं लिहिलं. परत आल्यावर वडिलांनी ते शब्द एका रेघेने खोडून वर 'निरंक' लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला दिवाणाखालून मोटरचा आवाज आला.

वडिलांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. माझ्या तिन्ही निरंकांवर त्यांचा विश्वास नव्हता. मी नऊला उठते, तोपर्यंत वाळून गेलं असेल, असं त्यांचं म्हणणं. मी विजेरी घेऊन दिवाणाखाली शिरले आणि काही सापडतं का ते पाहिलं. एक हरवलेलं कानातलं सापडलं. वडील म्हणाले, ठीक आहे, पण स्वरात ते नव्हतं.

त्यानंतर सोनोग्राफी झाली. जठराचं अस्तर जाड दिसतंय, डॉक्टर म्हणाले, पोट उघडून छोटा तुकडा तपासायला पाठवावा लागेल. मूत्रपिंडं वयाच्या मानाने थकलेली आहेत, तेव्हा भूल जपून द्यावी लागेल. गुरुवारची वेळ ठरली. वडिलांनी बाकी काही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "भूल दिल्यावर उठते ना?"

"बहुतेक उठतात, अंकल."

'बहुतेक' हा शब्द वडिलांनी नोकरीत एकाही टिप्पणीत येऊ दिला नव्हता. हाताखालच्या लोकांना ते विचारत, बहुतेक म्हणजे हो की नाही? इथे त्यांनी विचारलं नाही. परत येताना रिक्षात टोपली त्यांच्या मांडीवर होती आणि एक हात झाकणाखाली आत गेलेला होता. त्या दिवशी त्यांनी नोंदवही उघडली नाही. मीही तिची थट्टा करणं बंद केलं, आणि घर फार शांत झालं.

मंगळवारी डॉक्टरांचा निरोप आला की ऑपरेशनआधी नोंदवहीच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा. फोटो काढता काढता मी ती पहिल्यांदाच नीट वाचली, म्हणजे मुद्रितं वाचतात तशी, अर्थाकडे लक्ष न देता. असं वाचलं की चुका दिसतात. ओकारीची वेळ कधीही सव्वासातच्या आधी नव्हती आणि सव्वाआठच्या नंतर नव्हती. अन्नाच्या रकान्यात सकाळचं पहिलं खाणं नऊला होतं. म्हणजे रात्री आठनंतर या मांजरीच्या पोटात काही गेलेलं नव्हतं, आणि तरी रोज सकाळी तिथून काहीतरी फिकट तपकिरी बाहेर येत होतं. संपूर्ण वहीत निरंक तीनच होते. तिन्ही माझ्या अक्षरावर लिहिलेले.

बुधवारी मी साडेसहाचा गजर लावला. नोकरी सोडल्यापासून मी ही वेळ पाहिलेली नव्हती.

सात वाजून पाच मिनिटांनी मी स्वयंपाकघराच्या बाहेर उभी होते. वडिलांची पाठ माझ्याकडे होती. आलं ठेचून झालं होतं. त्यांनी चहा गाळला, दोन कप. दोन्ही घेऊन ते बाल्कनीच्या दाराशी बसले. त्यांच्यासमोर आईची घडीची खुर्ची, शेजारी स्टूल. एक कप त्यांनी त्या स्टुलावर ठेवला, त्यातला चहा बशीत ओतला, हळूच फुंकर घातली आणि म्हणाले, "अगं, चहा."

मांजर दिवाणाखालून आली, खुर्चीवर चढली आणि तिथून मान पुढे करून बशी साफ करू लागली. वडिलांनी पेपर उघडला. मधूनच एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवत होते. कुठल्याशा पुलाचं उद्घाटन मंत्र्यांना वेळ नसल्यामुळे पुन्हा पुढे गेलं होतं. बशी संपली तशी त्यांनी उरलेला चहाही ओतला. मग कालच्या पेपरचे दोन कागद दिवाणाखाली पसरले, नोंदवही घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि घड्याळाकडे बघत बसले.

आमच्याकडे श्राद्ध, पान वाढणं असलं काही नाही. आई गेल्यावर नातेवाइकांनी आग्रह केला तेव्हा वडिलांनी, मेलेल्या माणसाला जेवायला घालण्याचा अधिकार आपल्या कार्यकक्षेत येत नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं.

"बाबा, तुम्ही तिला चहा देता?"

ते दचकले, पण उत्तर तयार होतं. "नाही."

"आत्ता मी पाहिलं."

"तो तुझ्या आईचा. चाळीस वर्षं सकाळचा चहा मी करतोय. एका कपाचा करायला गेलं की आल्याचा अंदाज चुकतो."

"आणि पिते कोण?"

"मांजर पिते. तिला दिलेला नाही पण. वहीत मांजरीला काय दिलं, त्याचा रकाना आहे."

मी त्यात चूक शोधली आणि मला ती सापडली नाही. चहा आईच्या नावावर होता, आईचा रकाना नव्हता. मी विचारलं की कळंबोलीला असतानाही ती ओकायची का. ओकत असेल, ते म्हणाले, तिथे नोंदवही नव्हती. मग स्वतःहून सांगितलं की आई बशीत शेवटचा घोट ठेवायची आणि मांजर तेवढा चाटायची. तेव्हा कधी काही झालं नाही. मी म्हटलं, एक घोट वेगळा आणि दूधसाखरेचा अख्खा कप वेगळा.

तेवढ्यात मोटर सुरू झाली. मांजर दोन पावलं मागे आली आणि पसरलेल्या कागदावर अचूक ओकली. फिकट तपकिरी. त्याला आल्याचा वास होता. हा वास मला इतके दिवस कसा आला नाही याचं उत्तर एकच, साफसफाई नेहमी वडीलच करत.

वडिलांनी वेळ पाहिली, पण लिहिली नाही. मग टोपण पेनाला परत लावलं.

"म्हणजे मी," ते म्हणाले.

डॉक्टरांना फोन मी केला. सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "चहा? म्हणजे, प्यायचा चहा?" मोठ्या मांजरींना दूधच सोसत नाही, चहा तर अजिबात नको, असं ते समजावून सांगू लागले. प्रमाणपत्रांच्या भिंतीसमोर बसून त्यांना हे सांगावं लागत होतं याचं मला वाईट वाटलं. गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. तीन आठवडे चहा बंद, मग बघू.

त्या दुपारी वडील लाल शाईचं पेन घेऊन बसले. नोंदवहीचं पहिलं पान काढलं आणि प्रत्येक नोंदीच्या शेऱ्यापुढे एकच शब्द लिहीत गेले, 'चहा'. माझ्या तीन निरंकांपाशी थांबले आणि त्यांच्यासमोर छोटी बरोबरची खूण केली. शेवटच्या पानावर खाली लिहिलं: 'शेरे विलंबाने भरल्याबद्दल दिलगीर आहे.' कोणाला उद्देशून, ते लिहिलं नव्हतं. वही मिटल्यावर मांजर तिच्यावर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ती वही मागितली नाही.

प्रश्न उरला दुसऱ्या कपाचा. एका कपाचा त्यांनी दोन दिवस करून पाहिला. तो आपला चहा नाही, म्हणाले, काढा आहे. तिसऱ्या दिवसापासून मी पावणेसातला उठते. मी बिनसाखरेची काळी कॉफी पिणारी बाई. मला रोज सकाळी आलं घातलेला, गोड, दुधाळ चहा बशीतून दिला जातो आणि पुलांची उद्घाटनं ऐकवली जातात. मला 'अगं' म्हणत नाहीत. नुसतं "झालाय" म्हणतात. आईच्या खुर्चीत मांजर असते, त्यामुळे मी स्टुलावर बसते.

एकोणीस दिवस निरंक गेले. मांजरीला हाताला लागेल असं अंग आलं. विसाव्या दिवशी सकाळी ओळखीचा आवाज झाला आणि आम्ही दोघंही बशा टाकून धावलो. सतरंजीवर करंगळीएवढं काहीतरी पडलं होतं. वडिलांनी गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून त्याची तपासणी केली आणि टेबलापाशी जाऊन निळ्या शाईने लिहिलं: 'स्वरूप: केस. शेरा: चहाशी संबंध नाही.'

खाली, 'तपासले' असं लिहून, सहीसाठी जागा सोडली होती. वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मी पुन्हा सतरंजीपाशी गेले, वाकून पाहिलं, वास घेतला, आणि येऊन सही केली.